आईच्या खुर्चीतला उजेड

थोरल्याने शिडी हॉलच्या मधोमध उघडली, तिच्या एका पायरीवर हात टेकवला आणि घसा खाकरला. मोजणी खात्यात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या जमिनीत उभं राहून हद्दी ठरवून देण्याची त्याला सवय झाली होती आणि ती सवय तो कचेरीत ठेवून घरी येत नसे.

"आज एकदाचं मिटवून टाकू," तो म्हणाला. "एक तर या हॉलमध्ये भरपूर उजेड होईल, नाही तर आई कायमची आमच्याकडे राहायला येईल. पुन्हा अंधारात पडली आणि मनगटाऐवजी कंबर गेली, तर कोण जबाबदार?"

"मी," खिडकीखालच्या खुर्चीतून आई म्हणाली.

"तू कशी जबाबदार? तू तर पडणारी!"

आईने उजवं मनगट वर्तमानपत्राखाली सरकवलं. त्यावर अजून पट्टी होती. "हात आता बरा आहे. हा बघ, कप उचलते." तिने कप उचलून दाखवला. कप रिकामा होता हे सगळ्यांना दिसलं.

थोरल्याचा फ्लॅट चांगला होता. लिफ्ट होती, गरम पाणी होतं, खालीच डॉक्टर होता. पण तिथे आईला चहा हवा असला की आधी कुणी घेणार आहे का असं विचारावं लागे, आणि कुणी घेणार नसेल तर आपणही नको म्हणावं लागे. इथे ती मनात येईल तेव्हा उठून आधण ठेवी. तिला एवढंच हवं होतं, आणि ते थोरल्याला कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिने अख्ख्या शहराची बोलणी जुळवून दिली होती. पोटच्या पोराशी मात्र तिची लाईन लागता लागत नव्हती.

हॉल बाबांनी बांधलेला. बाबा छपरांचे सुतार होते आणि सपाट छताचा त्यांना मनस्वी राग होता. सपाट छताखाली माणूस डब्यात भरल्यासारखा राहतो, असं ते म्हणत. म्हणून या हॉलचं छत खिडकीच्या बाजूला दोन माणसांएवढं उंच आणि तिथून लाकडी फळ्याफळ्यांनी उतरत उतरत समोरच्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत आलेलं. छत देखणं होतं यात शंकाच नाही. फक्त त्याच्यावर कधी कुठला दिवा शोभला नाही. टांगता दिवा सरळ लोंबला तरी उतारामुळे वाकडाच वाटे. ट्यूब लावली तेव्हा ती हळूहळू घसरत चाललीय असं वाटून पाहुणे अस्वस्थ होत. बाबा गेल्यावर थोरल्याने एकट्याने बसून उताराच्या मध्यावर चार गोल दिवे छतात बसवले. दोरी लावून, पातळी बघून, अगदी एका रेषेत. त्या रेषेचा त्याला फार अभिमान होता.

"याच रेषेखाली आणखी चार बसवायचे," त्याने आता जाहीर केलं. "खुणा मी मागच्याच रविवारी करून ठेवल्यात."

आईने छताकडे एकदा बघितलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"दादा, पण त्यानं सावल्या जाणार आहेत का?" धाकट्याने विचारलं. तो दातांचा डॉक्टर होता आणि जगातले सगळे प्रश्न उजेड कमी पडल्याने निर्माण होतात असं त्याचं ठाम मत होतं. "माझ्या दवाखान्यात ये. सावली म्हणून पडत नाही. तोंडातला कोपरा न कोपरा दिसतो."

"आईला इथं बसायचंय," मधली म्हणाली. तिला थोरल्यासकट सगळं घर ताईच म्हणे. "आ करून पडायचं नाहीये."

"सावली हवीच!" कपाटाजवळच्या बुटक्या स्टुलावरून जावई उद्गारले आणि जोरात उभे राहिले. ठण्‌ असा आवाज झाला.

"सांभाळून," सगळे एकदम म्हणाले. गेली कित्येक वर्षं हे 'सांभाळून' आवाज झाल्यावरच येत असे.

या घरात प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मुलं लहान असताना खिडकीवरून रोज मारामाऱ्या व्हायच्या, तेव्हा बाबांनी एका संध्याकाळी जागा नेमून दिल्या. खिडकीखाली आई. समोर, उताराच्या बाजूला, सोफ्यावर ओळीने थोरला, मधली, धाकटा. मुलांच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी वाटणी तशीच राहिली. एकाच्या जागी दुसरा बसला असं या घरात घडत नसे. नवी माणसं आली तशी उरलेल्या जागांत बसली, आणि जावयांच्या वाट्याला छत जिथे सगळ्यात खाली येतं तिथलं स्टूल आलं. जावई कुटुंबात सगळ्यात उंच होते, हा निव्वळ त्यांचा दोष.

"सावली नसेल तर माणूस कागदावर छापल्यासारखा दिसतो," डोकं चोळत जावई म्हणाले. नाटकांना प्रकाश देणं हा त्यांचा धंदा होता. "मी माझे दिवे आणलेत गाडीतून. एक बाजूनं, एक मागून, आणि खालून छतावर एक हलकासा फिक्का निळा."

"निळा?" थोरला म्हणाला. "आई काय नाटकात काम करते?"

"लावून तर बघू," ताई नवऱ्याच्या बाजूने म्हणाली, आणि लगेच त्याच्याकडे वळून हळूच, "निळा राहू दे हं," असंही म्हणाली.

भर दुपारी दिव्यांचा अंदाज येईना, म्हणून पडदे ओढले. पडद्यांतून ऊन येई, म्हणून त्यांच्यावर चादरी टाकल्या. दारात मुलांच्या तीन गाड्या, त्यातही जावयांच्या गाडीतून काढलेल्या दोन लांबलचक काळ्या पेट्या, आणि सगळ्या खिडक्या बंद. समोरच्या घरातल्या बाईंनी हे सगळं गॅलरीतून बघितलं, साडी बदलली आणि डोळ्यांना पदर लावूनच दार वाजवलं.

दार आईने उघडलं.

"अरे देवा," समोरच्या बाई म्हणाल्या, आणि दाराची चौकट धरून खालीच बसल्या.

"काय झालं हो? कोण गेलं?" आईने घाबरून विचारलं.

"तुम्ही!"

मग त्यांना पाणी द्यावं लागलं, वारा घालावा लागला. धाकट्याने डॉक्टर या नात्याने त्यांची नाडी बघितली आणि जाता जाता दाढही बघितली. थोरला त्यांना उतार आणि दिवे समजावून सांगू लागला, तशा त्या लवकर सावरल्या.

हा गोंधळ दारात चालू असताना हॉलमध्ये थोरल्याची बायको, घरची थोरली सून, एकटी होती. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिची नजर पक्की झाली होती. कुठली बाटली कालपासून हललीय हे ती लांबून सांगत असे. नवे दिवे बसायचे तर जुने निदान पुसून घ्यावेत म्हणून ती फडकं घेऊन शिडीवर चढली. पहिल्या दिव्यावर वर्षभराची धूळ होती. दुसऱ्यावरही. तिसरा मात्र लखलखीत होता आणि त्याच्या काचेवर बोटांचे ठसे होते. चौथ्यावर पुन्हा धूळ.

ती शिडीवर तशीच थांबली. एकच बल्ब कोण कशाला पुसेल? तिने तिसऱ्या दिव्याच्या तोंडाच्या दिशेने बघितलं. उतारामुळे दिवे सरळ खाली बघत नव्हते, खिडकीकडे तोंड करून होते, आणि तिसऱ्याच्या अगदी समोर सासूबाईंची खुर्ची होती. मग तिने खाली बघितलं. शिडी बाजूला केली तर बल्बच्या बरोबर खाली स्वयंपाकघरातल्या स्टुलाच्या पायांचे ओरखडे लाकडी जमिनीवर होते. भरपूर होते.

फडकं खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघरात गेली. समोरच्या बाईंसाठी आई सरबत ढवळत होती, डाव्या हाताने.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"तुम्ही अंधारात पडला नाहीत ना?"

चमचा थांबला. आईने आधी दाराकडे बघितलं. मग सुनेकडे, मग तिच्या खांद्यावरच्या फडक्याकडे.

"दार लोटून घे," ती म्हणाली.

सुनेने दार लोटलं.

"तो दिवा डोळ्यांत घुसतो गं," आई कुजबुजली. "खुर्चीत बसलं की समोर नुसता पांढरा भडका. म्हणून मी तो तेवढा सैल करून ठेवते. चारही एकाच बटणावर आहेत, मग दुसरं काय करू?"

"आणि रविवारी?"

"रविवारी तुम्ही यायच्या आधी पुन्हा घट्ट करते. तुम्ही गेलात की सैल. त्या दिवशी जरा घाई झाली. तुमची गाडी लवकर आली, आणि मी स्टुलावर होते."

"वर्षभर?" सुनेला हसावं की ओरडावं कळेना. "अहो, ह्यांना सांगायचं ना सरळ!"

"काय सांगू? एवढ्या हौसेनं बसवलेत त्यानं. आणि आता सांगितलं तर म्हणेल, स्टुलावर चढतेस? चल, उचल सामान. नाही सांगितलं तर आणखी चार डोळ्यांत. तूच सांग मी काय करू."

थोरली सून दाराला पाठ लावून उभी राहिली. सासू आपल्याकडे राहायला येणार या बातमीने तिची झोप उडाली होती, आणि झोप उडाली याची लाज वाटून ती आणखी उडाली होती. तिचं सासूवर मनापासून प्रेम होतं. पण त्या प्रेमाला दोन घरांमधलं अंतर चांगलं मानवत होतं, हे दोघींनाही माहीत होतं. दोघींनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तुम्हाला आमच्याकडे यायचं नाही," सून म्हणाली.

"तुझा फ्लॅट छान आहे गं."

"आई."

"नाही यायचं," आई म्हणाली. "तुला राग नाही ना आला?"

"मला?" सुनेने सासूच्या हातातून चमचा घेतला आणि सरबत जोरजोरात ढवळलं. "मला कशाला राग येईल! तुम्ही फक्त आता मध्ये काही बोलू नका. ह्यांना सांगून काही पटत नाही. ह्यांना दिसावं लागतं."

समोरच्या बाई सरबत पिऊन, मेलेली शेजारीण जिवंत परत मिळाल्याच्या आनंदात घरी गेल्या आणि जावयांनी आपल्या काळ्या पेट्या उघडल्या.

आतून डोक्याएवढे दिवे निघाले. जावयांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सासरच्या घरी त्यांचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. जेवायला वाढताना त्यांचा मान पहिला असे, पण मत विचारताना त्यांच्यापर्यंत पोचण्याआधीच निर्णय झालेला असे. आज त्यांचा दिवस होता. एक दिवा त्यांनी कपाटाखाली ठेवला, तोंड वर छताकडे करून. दुसरा आईच्या खुर्चीमागे. तिसरा सोफ्याच्या कडेला. मग छतावरच्या चौघांच्या बटणावर हात ठेवून ते म्हणाले, "आधी सगळे एकदम लावू. मग एकेक विझवत जाऊ, म्हणजे फरक कळेल."

"फ्यूज पेलेल का?" थोरल्याने विचारलं.

"दादा, मी एका वेळी शंभर दिवे सांभाळतो," जावई म्हणाले आणि बटण दाबलं.

घरातलं सगळं एकदम गेलं. दिवे गेले, पंखा गेला, फ्रिजची घरघरही थांबली. चादरींमुळे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"शाबास," थोरल्याचा आवाज आला.

"कुणी हलू नका!" धाकटा ओरडला आणि हलला. त्याने शिडीला धडक दिली. शिडी ताईला लागली, ताईने नवऱ्याला हाक मारली, नवरा घाईने उताराखाली धावला आणि ठण्‌ असा आवाज झाला.

"सांभाळून," सगळे अंधारात म्हणाले.

"एकेकानं बोला," आईचा आवाज आला, पण तो खुर्चीकडून नव्हता. तो हळूहळू पुढे सरकत होता. शिडीच्या पलीकडून गेला, जावयांच्या वायरींच्या जाळ्यावरून गेला, चपला न वाजवता बाहेरच्या पॅसेजमध्ये पोचला. मग खट्‌ असा आवाज झाला, फ्रिज घरघरला आणि आईने पॅसेजमधून विचारलं, "आला का उजेड?"

उजेड आला होता; छतावरच्या चौघांचं बटण जावयांनी अंधारातच बंद केलं होतं. धाकट्याने तेवढ्यात कपाळावर आपला दवाखान्यातला दिवा बांधला होता आणि तो आता तसाच चालू राहिल्याने तो ज्याच्याकडे बघेल तो डोळे मिटत होता. थोरला मात्र आईकडे बघत होता. त्याच्या कपाळावर आठ्या जमल्या.

"तू एवढ्या अडगळीतून गेलीस," तो सावकाश म्हणाला. "कशाला धक्का न लावता. ठार अंधारात."

"घर माझंच आहे की रे."

"मग त्या दिवशी पडलीस कशी?"

आईने तोंड उघडलं आणि सुनेकडे बघितलं. सुनेने ते बघणं मध्येच तोडलं.

"भावजी," ती जावयांना म्हणाली, "नाट्यगृहात तुम्ही दिवे लावल्यावर बघता कुठून? स्टेजवरून?"

"छे!" जावयांचा चेहरा पुन्हा खुलला. अशा प्रश्नाची ते लग्न झाल्यापासून वाट बघत होते. "खुर्चीत बसून. आणि एका खुर्चीत नाही वहिनी, पार कोपऱ्यातल्या, खांबाआडच्या, सगळ्यात वाईट खुर्चीतसुद्धा. तिथल्या माणसाच्या डोळ्यांत दिवा जात असेल तर बाकी सगळं कितीही सुंदर असो, काम फुकट."

"मग इथं बघितलं का कुणी तसं? एकमेकांच्या जागी बसून?"

हॉलमध्ये अशी शांतता पसरली की जणू तिने घर विकायचा विषय काढला होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नकळत ती थोरल्याच्या जागेवर बसली होती. तेव्हाही हीच शांतता होती.

"जागा बाबांनी दिल्यात, वहिनी," धाकटा म्हणाला. कपाळावरचा दिवा त्याने नम्रपणे खाली केला.

"कायमचं नाही बसायचं हो. घटकाभर. मी आईंच्या जागेबद्दल म्हणत होते. पडल्या त्या, तर त्यांच्या खुर्चीतून काय दिसतं ते बघायला नको?"

"बरोबर आहे!" जावई म्हणाले. "मी बसतो." आणि चांगलं वाकून, डोकं वाचवत, ते आईच्या खुर्चीकडे निघाले.

थोरला एक पाऊल पुढे आला. आईच्या खुर्चीत! तो स्वतः, थोरला मुलगा, जन्मात त्या खुर्चीत बसला नव्हता. खेळताना चेंडू खुर्चीवर पडला तर तिला विचारून उचलायचा, अशी शिस्त होती. आणि हे ताईचे नवरे, उद्या तिथं निळा दिवा लावायलाही कमी करणार नाहीत.

"थांबा," तो म्हणाला. "कुणी बसायचंच असेल तर मी बसेन."

"तुम्हीच बसा," थोरली सून पटकन म्हणाली. "तुमचाच मान आहे."

थोरला खुर्चीशी गेला. आईकडे बघून म्हणाला, "बसू का?"

"बस की," आई म्हणाली.

तो अगदी कडेवर टेकला. मग जरा मागे सरला. खुर्ची त्याच्या अंदाजापेक्षा मऊ होती आणि उशीला आईच्या केसांच्या तेलाचा वास होता.

"तुम्ही सगळे आपापल्या जागी बसा," सुनेने सांगितलं. "रविवारी बसतो तसे. आणि भावजी, तुमचे दिवे नकोत. फक्त ह्यांचे चार."

सगळे समोर बसले. जावयांनी आपल्या दिव्यांच्या वायरी काढल्या आणि बटण दाबलं.

थोरल्याने हात डोळ्यांसमोर धरला.

त्याला वाटलं होतं तो आपली रेषा बघेल. इतक्या नीट बसवलेले चार दिवे, वर्षभरात त्याने ते कपाटाच्या बाजूनेच बघितले होते. इथून रेषा दिसतच नव्हती. तिसरा दिवा सरळ डोळ्यांत आला आणि त्याच्याभोवती पांढरं काहीतरी नाचायला लागलं. त्याने हात बाजूला करून नेटाने समोर बघायचा प्रयत्न केला. सोफ्यावर चार-पाच काळे गोळे बसलेले होते.

"ताई कुठाय?" त्याने विचारलं.

"ही काय समोर," एक काळा गोळा म्हणाला.

"हसतेयस का तू?"

"नाही रे."

"मला काहीच दिसत नाहीये," थोरला म्हणाला. "तुमची तोंडंच दिसत नाहीत." त्याने खुर्ची थोडी डावीकडे ओढली. मग उजवीकडे. मोजणी करणाऱ्या माणसाने कोनाचा हिशेब चुकवावा, तोही स्वतःच्या आईच्या घरात! उताराला काटकोनात बसवलेला दिवा खाली बघणारच नाही, समोर बघणार, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. त्याने फक्त रेषा बघितली होती. "आई, हे रोज असं?"

आईला आज गप्प राहायला सांगितलं होतं. पण पोराने विचारलं आणि ते तोंडातून निघूनच गेलं.

"रोज नाही," ती म्हणाली. "फक्त रविवारी."

"रविवारीच? का?"

"बाकीचे दिवस मी तो सैल करते ना."

ताईने तोंडावर हात धरला. धाकट्याने मान फिरवली आणि त्याच्या कपाळावरचा दिवा नेमका आईच्या पट्टीवर पडला. तिथेच थांबला.

"स्टुलावर चढून?" थोरल्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे तू अंधारात पडलीच नाहीस. माझ्या दिव्यावरून पडलीस."

"दिव्यावरून नाही रे, स्टुलावरून."

कुणाला तरी हसू फुटलं असतं, पण थोरल्याचा चेहरा लख्ख उजेडात होता आणि तो सगळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होता. तो रडण्याच्या बेतात होता.

"सांगितलं का नाहीस मला?"

आई उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तशी तिची सावली त्याच्या चेहऱ्यावर पडली आणि त्याला डोळे नीट उघडता आले.

"तुझे बाबा गेल्यावर तू कितीतरी महिने नुसता यायचास, बसायचास आणि जायचास," ती म्हणाली. "दिवे बसवायला घेतलेस तेव्हा पहिल्यांदा शिडीवर उभा राहून शीळ घातलीस. चारही लागले तेव्हा मला हाक मारलीस, आई बघ. कसं सांगणार होते मी? मला वाटलं, एक बल्बच तर आहे, फिरवू. मला त्याचं काही नाही रे. दुःख एवढंच व्हायचं, की तुम्ही सगळे येता फक्त रविवारी, तेही दिवेलागणीला, आणि नेमकं रविवारीच मला कुणाचं तोंड दिसत नाही. वर्ष झालं. आवाजांवरून ओळखतेय तुम्हाला. तेवढी सवय आहे मला, पण ती नोकरी होती."

थोरला उठला. त्याने शिडी तिसऱ्या दिव्याखाली ओढली, चढला आणि पेटता बल्ब तसाच मुठीत धरला.

"आई गं!" तो ओरडला.

"फडकं घ्या, फडकं!" बायकोने खांद्यावरचं फडकं वर फेकलं. ते धाकट्याच्या कपाळावरच्या दिव्यावर पडलं. जावई मदतीला धावले आणि या वेळी त्यांचं डोकं शिडीला आपटलं. अखेर ताईने फडकं दिलं, थोरल्याने बल्ब पिळला, आणि हॉलच्या मधला उजेड मऊ पडला. जावयांनी कुणाला न विचारता कपाटाखालचा आपला दिवा हलकासा लावला. त्याचा उजेड बाबांच्या फळ्यांवरून सावकाश वर चढत खिडकीपर्यंत गेला आणि तिथून सगळ्या हॉलवर उतरला. तो निळा नव्हता.

"छताकडेच तोंड ठेवायचं," जावई हळूच म्हणाले. "माणसांकडे नाही."

या वेळी ते सगळ्यांनी ऐकलं.

"या तिसऱ्याचं वेगळं बटण खाली बसवू," शिडीवरून थोरला म्हणाला. "खुर्चीतून हात पोचेल असं. तू परत स्टुलावर चढायचं नाहीस. एकदासुद्धा नाही."

"नाही चढणार."

"कुठलाही दिवा खुपला तर फोन करायचा. तेव्हाच्या तेव्हा."

"करीन."

तो शिडीवरच उभा राहिला. पुढचं बोलायला त्याला वेळ लागला. "आणि आमच्याकडे यायचं..." तो म्हणाला. "तुला यायचंच नव्हतं, हो ना?"

आई खुर्चीत जाऊन बसली होती.

"येईन की," ती म्हणाली. "जेवायला बोलाव. आणि मग इथं आणून सोड."

थोरल्याने मान हलवली. ती होकाराची होती. तो खाली उतरला आणि शिडी मिटू लागला.

"ते राहू दे आत्ता," आई म्हणाली. "आधी बस जागेवर. सगळे बसा."

सगळे बसले. धाकट्याने कपाळावरचा दिवा काढून खिशात घातला. आई पुढे झुकली आणि सोफ्याच्या एका टोकापासून बघायला लागली. थोरल्याच्या कानशिलांवरचे केस पिकले होते. ताई वाळली होती. धाकट्याने मिशी ठेवली होती, कधीपासून कोण जाणे. सून तिच्याकडेच बघत होती, आणि जावयांच्या कपाळावर नवं टेंगूळ आलं होतं. आईला घाई नव्हती. टोकापर्यंत पोचली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होती, आणि तिचं बघून होईपर्यंत त्या हॉलमध्ये कुणीही एक शब्द बोललं नाही.